पाळीव गेकोला ताजी फळे : द्यावीत का, कोणती आणि किती?

काचघर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे दोन गेको (पालीच्या कुळातले प्राणी) आहेत : पूर्ण वाढ झालेला एक क्रेस्टेड गेको आणि एक लेपर्ड गेको. दोघांची काचघरे वेगळी आहेत आणि आहारही वेगळा आहे. क्रेस्टेडला पाण्यात कालवलेली तयार भुकटी आणि अधूनमधून रातकिडे मिळतात. लेपर्डला मी फक्त कीटक देतो, आणि तेही कॅल्शियमची पूड लावून. गेले काही आठवडे मी क्रेस्टेडच्या वाटीत पिकलेल्या आंब्याचा किंवा पपईचा गर ठेवू लागलो आहे. तो गर तो इतक्या आवडीने चाटतो की आता भुकटीच्या वाटीकडे फिरकतही नाही. लेपर्डसमोर तीच फळे ठेवली असता त्याने वास घेऊन तोंड फिरवले.

वाचायला घेतले तर दोन टोकांची मते सापडतात. काही जण म्हणतात की जंगलात हे प्राणी फळेच खातात, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. काही जण फळाचा तुकडाही देऊ नका असे बजावतात. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या फळांच्या याद्या भरपूर आहेत, परंतु एखादे फळ यादीत का आहे आणि दुसरे का नाही हे क्वचितच कोणी सांगते. मला यादीपेक्षा कारण समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

पानाआड

आपल्या दोन्ही प्राण्यांना एकच उत्तर लागू होणार नाही, म्हणून आधी जातीचा विचार करू. गेकोंच्या दीड हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य जाती कीटकांवर जगतात. फळे आणि फुलांतील मधुरस नियमितपणे खाणाऱ्या जाती थोड्या आहेत, आणि त्यांतील बऱ्याचशा बेटांवर राहणाऱ्या आहेत.

लेपर्ड गेको हा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ प्रदेशातला प्राणी आहे. कीटक, कोळी आणि कधी एखादा लहान प्राणी हे त्याचे अन्न. त्याने फळाकडे पाठ फिरवली हे त्याच्या स्वभावाला धरूनच झाले. त्याच्या आतड्याची घडण वनस्पतिजन्य अन्न पचवण्यासाठी झालेली नाही, आणि आग्रह करून भरवलेल्या फळाचा परिणाम बहुधा पातळ विष्ठेपलीकडे जात नाही. आफ्रिकेतला फॅट-टेल्ड गेको आणि टोके गेको यांच्याबाबतही हेच म्हणता येईल. भिंतीवरची साधी पाल सांडलेले गोड पाणी चाटताना अनेकांनी पाहिली असेल आणि त्यावरून सर्वच पालींना गोड मानवते असा निष्कर्ष काढला जातो. परंतु एखादा प्राणी एखादी वस्तू चाटतो एवढ्यावरून ती त्याचा आहार ठरत नाही.

क्रेस्टेड गेकोची गोष्ट वेगळी आहे. तो न्यू कॅलेडोनियाच्या दमट जंगलात झाडाझुडपांवर राहतो आणि कीटकांबरोबर पिकलेली मऊ फळे, मधुरस व पराग खातो. त्याच बेटांवरचा लीचियानस गेको हा आज जिवंत असलेल्या गेकोंमध्ये सर्वांत मोठा असून तोही फळे खातो. गार्गॉइल गेको मात्र मांसाहाराकडे अधिक झुकलेला आहे. मादागास्कर आणि मॉरिशसकडचे हिरवे डे गेको फुलांवर इतके अवलंबून असतात की मॉरिशसमधल्या रूसिया या दुर्मीळ, वेलीसारख्या झुडपाचे परागीभवन निळ्या शेपटीच्या डे गेकोकडून होते. न्यूझीलंडचे काही गेकोही मधुरस चाटतात आणि लहान फळे खाऊन त्यांच्या बिया पसरवतात.

क्रेस्टेड गेकोचे शास्त्रीय वर्णन १८६६ साली झाले, पण पुढे तो नामशेष झाला असे मानले जात होते आणि १९९४ मध्ये तो पुन्हा सापडला. म्हणजे त्याला पाळण्याचा मानवी अनुभव जेमतेम तीन दशकांचा आहे. आरंभी पाळणारे लोक त्याला लहान मुलांसाठी मिळणारा बाटलीबंद फळांचा गर देत असत. त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे स्वतंत्रपणे मिसळावी लागत आणि प्रमाण चुकले की हाडांचे विकार दिसत. आज आपण वापरता ती संपूर्ण आहाराची भुकटी त्या अडचणीवरचा तोडगा म्हणून पुढे आली. तेव्हा क्रेस्टेडला फळ देण्यास हरकत नाही, पण भुकटीच्या जागी फळ येऊ देऊ नये, असे माझे मत आहे.

---

तोळामासा

आपण कारण विचारले आहे, म्हणून आकड्यांत सांगतो. फळ चांगले की वाईट हे ठरवताना बहुतेक याद्या एकाच निकषावर उभ्या असतात, आणि तो निकष म्हणजे फळातील कॅल्शियम व फॉस्फरस यांचे परस्पर प्रमाण. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या साधारण दीडपट ते दुप्पट असावे असे धरले जाते. फॉस्फरस वरचढ झाला की कॅल्शियमचे शोषण कमी होते, आणि रक्तातील कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागते. हे दीर्घकाळ चालले की जबडा मऊ पडतो, पाठीचा कणा वाकतो आणि पाय थरथरू लागतात.

आता फळे पाहू. शंभर ग्रॅम केळ्यात कॅल्शियम सुमारे ५ मिलिग्रॅम तर फॉस्फरस सुमारे २२ मिलिग्रॅम असतो, म्हणजे प्रमाण जवळजवळ पूर्ण उलटे आहे. सफरचंदात ते सुमारे ६ आणि ११ आहे. आंब्यात ११ आणि १४, म्हणजे उलटे असले तरी फार नाही. पपईत २० आणि १०, तर ताज्या अंजिरात ३५ आणि १४. म्हणूनच पपई आणि अंजीर सर्व याद्यांत वरच्या बाजूला दिसतात आणि केळे खाली ढकललेले असते.

इथवर सारे ठीक आहे. पण पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि पपईचे प्रमाण दोनास एक असल्यामुळे पपई हा परिपूर्ण आहार आहे अशी समजूत करून घेतात. प्रमाणाइतकेच एकूण मात्रेलाही महत्त्व असते. आपला क्रेस्टेड एका वेळी दोन ग्रॅम पपई खातो असे मानले, तर त्यातून त्याला मिळणारे कॅल्शियम ०.४ मिलिग्रॅम आहे. प्रमाण उत्तम असूनही हातात आले ते जवळपास शून्य. पपईत ८८ टक्के पाणी, आठ टक्क्यांच्या आसपास साखर आणि जेमतेम अर्धा टक्का प्रथिने असतात. आंब्यात साखर चौदा टक्क्यांच्या आसपास असून प्रथिने एक टक्काही नसतात. अंजिरात साखर त्याहूनही अधिक. फळाने पोट भरते, तहान भागते, ऊर्जा मिळते, आणि स्नायू, हाडे व कातडी यांच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.

एवढ्याशा फळाने काय होणार, असे वाटणे साहजिक आहे. पूर्ण वाढ झालेल्या क्रेस्टेड गेकोचे वजन साधारण ३५ ते ५० ग्रॅम असते. चाळीस ग्रॅमच्या प्राण्याने दोन ग्रॅम गर चाटला म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाच टक्के अन्न खाल्ले. साठ किलोच्या माणसाने एका बैठकीत तीन किलो आंबे खाल्ल्यासारखे ते झाले. त्यानंतर तो जेवणाच्या ताटाकडे पाहणार नाही यात नवल नाही. आपला गेको भुकटीकडे फिरकत नाही याला त्याची आवड कारण असेलच, पण त्याचे पोट भरलेले असते हेही कारण तितकेच खरे असावे.

कोणी म्हणेल की केळ्यात कॅल्शियमची पूड मिसळली की प्रश्न मिटला. गणिताने तो भाग खरोखर मिटतो. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये चाळीस टक्के कॅल्शियम असते, त्यामुळे शंभर ग्रॅम केळ्याचे प्रमाण दोनास एक करण्यासाठी सुमारे ०.१ ग्रॅम, म्हणजे चिमटीच्या टोकावर मावेल इतकी पूड पुरते. पण हे कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यासाठी जीवनसत्त्व ड-३ लागते आणि ते कोणत्याही फळात नसते. जीवनसत्त्व अ देखील फळांमध्ये तयार स्वरूपात नसून कॅरोटिनच्या स्वरूपात असते. प्रथिनांचा प्रश्न तर तसाच उरतो. या सगळ्याची भरपाई एकेक पूड मिसळून करायला निघालो, तर शेवटी आपण घरच्या घरी तीच भुकटी बनवू लागतो, आणि तीही न मोजता.

---

रानवाट

वरील दोन्ही प्रतिसादांतील माहिती बरोबर आहे, परंतु त्यांचा एकंदर सूर मला थोडा एकांगी वाटतो. वर्षानुवर्षे रोज एकच भुकटी चाटत राहणे हेदेखील त्या प्राण्याच्या स्वभावाशी विसंगत आहे. निसर्गात त्याला वासाचा माग काढत फळापर्यंत जावे लागते, फांदीवर तोल सांभाळत गर खरवडावा लागतो, एके रात्री एक चव तर दुसऱ्या रात्री दुसरी मिळते. उभे चिरलेले अंजीर मी काचघरातल्या फांदीला अडकवून ठेवतो, तेव्हा एरवी कोपऱ्यात बसून राहणारा प्राणी रात्रभर हालचाल करताना दिसतो. आहार म्हणजे केवळ पोषणद्रव्यांची बेरीज असे आपण मानू लागलो तर पाळीव प्राण्याचे जीवन फारच रुक्ष होईल.

दुसरे असे की फळातून पाणी मिळते. काही गेको पाण्याच्या वाटीतून पीत नाहीत आणि पानांवरच्या थेंबांवरच अवलंबून असतात. कोरड्या हवेत अशा प्राण्यांना रसाळ फळाचा उपयोग होतो. आणि आजारातून उठलेल्या, अन्नाला तोंड न लावणाऱ्या क्रेस्टेडला पुन्हा खाते करण्यासाठी भुकटीत थोडा फळाचा गर मिसळणे हा उपाय अनेकदा लागू पडतो. तेव्हा फळे देऊच नयेत असा अर्थ कोणी काढू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

---

तोळामासा

फळे देऊ नयेत असे मी म्हटलेले नाही, आणि फांदीला अडकवलेल्या अंजिराची कल्पना मला मनापासून आवडली. माझा आक्षेप ‘निसर्गात खातात’ या युक्तिवादाला आहे, कारण तो अर्धाच सांगितला जातो. न्यू कॅलेडोनियातला गेको जे फळ खातो ते रानातले असते. आपण आणतो ती फळे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून अधिक मोठी, अधिक गोड आणि कमी चोथ्याची केलेली आहेत. शिवाय रानात त्या फळाबरोबर कीटक आहेत, पराग आहे, मधुरस आहे. काचघरात आपण त्यातले एकच फळ उचलून ठेवतो आणि त्याला नैसर्गिक आहार म्हणतो.

काळाचाही मुद्दा आहे. नीट पाळलेला क्रेस्टेड गेको पंधरा ते वीस वर्षे जगू शकतो. आहारातील उणिवेचे परिणाम काही महिन्यांत दिसतीलच असे नाही, कारण या प्राण्यांजवळ कॅल्शियमचा साठा असतो. क्रेस्टेडच्या टाळूपाशी दोन पांढुरक्या पिशव्या दिसतात, डे गेकोंमध्ये मानेच्या दोन्ही बाजूंना फुगवटे दिसतात. तो हाच साठा. तो असेपर्यंत वरून सारे आलबेल भासते आणि पाळणाऱ्याचा समज पक्का होत जातो की फळांवर प्राणी उत्तम राहतो. अंडी घालणाऱ्या मादीमध्ये हा साठा झपाट्याने रिकामा होतो, म्हणून फळांवर भर दिलेल्या माद्यांमध्ये दुष्परिणाम आधी दिसतात. वाढत्या पिलांच्या बाबतीतही माझा सल्ला हाच आहे की पूर्ण वाढ होईपर्यंत त्यांना फळांची सवय न लावणे बरे.

---

काचघर

सर्वांचे आभार. दोन ग्रॅम पपईचा हिशेब वाचून बराच उलगडा झाला. लेपर्डचा प्रश्न माझ्यापुरता सुटला आहे. क्रेस्टेडबद्दल मात्र दोन शंका उरतात. पहिली, त्याला भुकटीकडे परत कसे वळवावे? फळ पूर्ण बंद केले तर तो उपाशी राहील अशी भीती वाटते. दुसरी, अलीकडे त्याची विष्ठा नेहमीपेक्षा पातळ दिसते. ती फळांमुळे आहे की काही आजार असावा, हे कसे ओळखावे?

---

संध्याचर

मी पशुवैद्यक आहे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करतो. प्राणी प्रत्यक्ष न तपासता निदान करता येत नाही, त्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण स्वरूपाचा समजावा.

पहिल्यांदा एक छोटा वजनकाटा वापरात आणा, जो ग्रॅमच्या अंशापर्यंत वजन दाखवील. आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी वजन करून लिहून ठेवा. गेको जेवला की नाही हे वाटीकडे पाहून नेमके कळत नाही. भुकटीचा पातळ थर वाळून जातो, आणि प्राण्याने चाटलेले चार थेंब आपल्याला दिसतही नाहीत. वजन स्थिर असेल तर वाटी भरलेली दिसली तरी काळजीचे कारण नसते. निरोगी, पूर्ण वाढ झालेला क्रेस्टेड गेको काही दिवस न खाता सहज राहू शकतो, म्हणून एक-दोन रात्री वाटीला तोंड लावले नाही एवढ्यावरून घाईने पुन्हा आंबा पुढे करू नका. तसे केले तर थांबल्यास आंबा मिळतो एवढेच तो शिकतो. मात्र वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरले, किंवा प्राणी लहान, म्हातारा अथवा नुकताच आजारातून उठलेला असेल, तर वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

वळवण्याची रीत सोपी आहे. सध्या तो जो गर आवडीने खातो त्यात कालवलेली भुकटी थोडी मिसळून सुरुवात करा आणि दर काही रात्रींनी भुकटीचा वाटा वाढवत, गराचा घटवत जा. आंब्याऐवजी पपई वापरली तर गोडी कमी असल्याने चव बदलणे सोपे जाते. भुकटी किती दाट कालवता याकडेही लक्ष द्या. साधारणपणे एक भाग भुकटीला दोन भाग पाणी असे सांगितले जाते, परंतु काही प्राण्यांना ती थोडी अधिक पातळ लागते. आणि हे सारे करण्यापूर्वी काचघराचे तापमान एकदा मोजून पाहा. या जातीला २२ ते २६ अंश सेल्सियसच्या दरम्यान बरे वाटते, २८ अंशांच्या वर गेले की ताण येतो आणि भूक मंदावते. अन्न नाकारण्याचा दोष चवीला दिला जातो आणि कारण उष्णता निघते, असे वारंवार घडते.

विष्ठेबद्दल. फळ खाल्ल्यानंतर एक-दोन वेळा ती पातळ होणे अपेक्षितच आहे, कारण फळात बहुतांश पाणी आहे. विष्ठेचा गडद भाग आणि पांढरा यूरेटचा भाग वेगवेगळे दिसत असतील, वास नेहमीसारखा असेल आणि फळ थांबवल्यावर काही दिवसांत विष्ठा पूर्ववत झाली, तर फळालाच कारण समजावे. उग्र दुर्गंधी, शेंबडासारखा चिकट अंश, रक्ताची छटा, किंवा फळ बंद करूनही तीच स्थिती राहणे ही परजीवी अथवा जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी ताजा नमुना तपासणीसाठी न्यावा. साखरेचा मारा सातत्याने चालू राहिला तर आतड्यातील सूक्ष्मजीवांचा समतोल बिघडू शकतो, त्यामुळे पातळ विष्ठा चालू असताना फळ पूर्ण थांबवणेच योग्य.

हाडांच्या विकाराची सुरुवातीची चिन्हे बारीक असतात. पायाची बोटे अकारण थरथरणे, काचेवरची पकड सैल होणे, उडी चुकणे, खालचा जबडा बंद असतानाही किंचित उघडा भासणे, शेपटीला किंवा पाठीला बाक येणे. जबडा बोटाने दाबून पाहण्याचा मोह टाळा, कारण मऊ पडलेले हाड तेवढ्यानेही दुखावते. क्ष-किरण चित्रात हाडांची घनता दिसते आणि वेळेवर उपचार मिळाले तर प्राणी सावरतो. वाकलेली हाडे मात्र पुन्हा सरळ होत नाहीत.

आपला प्राणी पूर्ण वाढ झालेला आहे आणि एरवी भुकटीवर होता, हे धरून सांगतो : तो भुकटीवर परतल्यानंतर आठवड्यातून फार तर एकदा, चहाच्या चमच्याच्या पाव भागाइतका गर द्यावा, आणि तोही शक्यतो भुकटी खाऊन झालेल्या रात्रीनंतरच्या रात्री. आठवड्यातून एकदा पूड लावलेले रातकिडे द्यावेत; रातकिड्याची लांबी प्राण्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून अधिक नसावी.

---

पानाआड

फळांच्या निवडीबद्दल थोडी भर घालतो. पपई, अंजीर, आंबा, पेर, पीच ही मऊ गराची फळे सोयीची पडतात. ब्लूबेरी किंवा स्ट्रॉबेरी क्वचित चालते. केळे विषारी नाही, पण त्याचा वास आणि गोडी इतकी प्रभावी असते की ते एकदा दिले की बाकी सारे फिके वाटू लागते, म्हणून मी ते ठेवत नाही. संत्रे, लिंबू, अननस यांसारखी आंबट फळे टाळावीत. कमरखात ऑक्झलेट भरपूर असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते, रुबार्बचेही तसेच. अव्होकाडोतील पर्सिन अनेक प्राण्यांना, विशेषतः पक्ष्यांना, घातक ठरते. गेकोवर त्याचा प्रयोग करून पाहण्याचे काहीच कारण नाही. साखरेच्या पाकातली डबाबंद फळे आणि मुरांबे यांचा तर विचारही नको.

फळ धुऊन, साल व बिया काढून, कुसकरून सामान्य तापमानाला आणून द्यावे. सफरचंदाच्या आणि पीचच्या बियांमध्ये सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे बिया काढण्याबाबत आळस नको. क्रेस्टेड झाडावर राहणारा असल्याने वाटी जमिनीवर ठेवण्यापेक्षा फांदीच्या उंचीवर बसवली तर ती त्याला लवकर सापडते.

---

ओलावा

स्वच्छतेचा मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून लिहितो. दमट काचघरात फळाचा गर एका रात्रीत आंबू लागतो आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत त्यावर बुरशी धरते. संध्याकाळी दिवा मालवताना ठेवावा आणि सकाळी उचलावा. पानांवर व काचेवर उडालेले शिंतोडे पुसले नाहीत तर चिलटे होतात, आणि ती एकदा मातीत शिरली की महिनोन्‌महिने जात नाहीत. (डे गेको पाळणारे काही जण ती मुद्दाम होऊ देतात, कारण ती त्यांच्या प्राण्यांना खायला मिळतात, क्रेस्टेडला मात्र इतक्या बारीक भक्ष्यात रस नसतो.) वाटी माणसांच्या जेवणाच्या भांड्यांबरोबर धुऊ नये आणि वाटी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात.

---

काचघर

तापमान मोजले, काचघराचा वरचा भाग अपेक्षेपेक्षा उष्ण निघाला, त्यामुळे दिवा बदलला आहे. भुकटी आणि पपई निम्मी निम्मी मिसळून ठेवली असता त्याने ती चाटली. विष्ठेवर लक्ष ठेवून आहे. आता दोनच गोष्टी विचारतो. इतक्या थोड्या गरासाठी दर वेळी फळ चिरणे व्यवहार्य नाही, तेव्हा गर गोठवून ठेवला तर चालेल का? आणि लेपर्डला फळ द्यायचे नसले तरी त्याच्यासाठी ठेवलेल्या रातकिड्यांना फळ खाऊ घातले तर त्याचा काही उपयोग होतो का?

---

पानाआड

गर गोठवता येतो. बर्फाच्या साच्यातल्या खणात थोडा थोडा भरून गोठवावा आणि लागेल तसा एकेक तुकडा काढावा. वितळल्यावर गर पाणचट होतो, कारण गोठताना फळाच्या पेशी फुटतात. ढवळून एकजीव केला की काम भागते. एकदा वितळलेला गर पुन्हा गोठवू नये आणि प्राण्यापुढे ठेवण्यापूर्वी तो पूर्णपणे सामान्य तापमानाला आलेला असावा. संध्याचर यांनी सांगितल्याप्रमाणे सध्या पपईच गोठवा. आंब्याचे तुकडे तयार असले की ते काढण्याचा मोह होतोच.

रातकिड्यांबद्दलचा आपला विचार योग्य दिशेने आहे. कीटकभक्षी गेकोला वनस्पतींचे पोषण मिळते ते कीटकाच्या पोटातून. भक्ष्य देण्याच्या आधी एक-दोन दिवस रातकिड्यांना हिरव्या पालेभाज्या, गाजर, रताळे असे सकस खाद्य द्यावे. त्यात फळाचा वाटा लहान ठेवावा. सफरचंदाची एखादी फोड ओलाव्यासाठी उपयोगी पडते, त्यामुळे पाण्याची वाटी ठेवावी लागत नाही आणि लहान रातकिडे बुडत नाहीत. तरीही कीटकाच्या शरीरात फॉस्फरस हा कॅल्शियमच्या कित्येक पटींनी अधिक असतो, त्यामुळे पोटभर खाल्लेल्या रातकिड्यालाही कॅल्शियमची पूड लावणे सोडता येत नाही. रात्री न खाल्लेले रातकिडे सकाळी काचघरातून वेचून काढा, कारण भुकेले रातकिडे झोपलेल्या गेकोची कातडी कुरतडतात.